आमचा बदामी, साडूंचा बदामी

४ नोव्हें., घोडेगाव
या घरात स्वतःच्या हातानं केलेलं: देव्हारा (दाराच्या उरलेल्या सागवानाचा). पुढचं गेट, वेल्डिंगसकट. ओट्याच्या फरश्या. सगळं वायरिंग. कुणी शिकवलं नाही.
आज हॉल पुरा झाला. बदामी. पांढऱ्या डिस्टेंपरच्या डब्याला पिवळा स्टेनर अडीच झाकणं, तांबडा एक, काळा सहा थेंब. ओला असताना गडद दिसतो, म्हणून वाळेपर्यंत ठरवायचं नाही. चार दिवस नमुने काढले.
मंगल म्हणाली, "बरा दिसतोय."
बरा!

९ नोव्हें.
मंचरला साडू दत्ताभाऊंच्या बंगल्याची वास्तुशांत. त्यांनी रंगाचा ठेका दिलेला, पेंटर जुन्नरचा. आणि हॉल बदामीच!
मंगल भिंतीवरून हात फिरवत बहिणीला, "ताई, लई गोड रंग गं. बसावंसं वाटतं."
सतरा वर्षं माझ्या घरात बसतेय.
छताची कड बघितली. खिडकीच्या मागं. स्विचबोर्डाखाली वाकून. दत्ताभाऊ सगळ्यांसमोर, "काय हरवलं का, पावणं?"
एक खोट सापडली नाही. जिलेबी तशीच ठेवली.

१२ नोव्हें.
मंगलचा हळदीचा हात स्विचशेजारी लागला. पुसलं तर हळद पसरली, वर रंग सुटून फडक्याला.
"ताईकडं पुसलं की निघतं."
"मग ताईकडंच राहा."
बोलायला नको होतं.

१३ नोव्हें.
उरलेला रंग तेवढ्याच जागी लावला. ठिगळ दिसतं. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारायची असते, हे मीच दहा जणांना सांगितलंय. घाई नडली. रविवारी साडू येणार, म्हणून.

१५ नोव्हें.
नवा डबा, तीच मापं, अख्खी भिंत. वाळली तर बाकी तिघींपेक्षा किंचित तांबूस. थेंब मोजले होते. मग कळलं: तांबड्याची बाटली नवी, झाकण मोठं.
मंगलला फरक दिसत नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

१६ नोव्हें.
साडू आले. चहा हातात धरून भिंतीपुढं उभेच.
"भाऊ, ह्या तीन ठीक हायेत. पण ही! आमच्या पेंटरला असला जमला न्हाई राव. काय घातलंय?"
"अंदाज असतो," म्हटलं. झाकणाचं सांगितलं नाही. आतून गार गार वाटलं, खोटं कशाला लिहू. चुकलेल्या भिंतीचं कौतुक, तरी.
मग त्यांनी नव्या लॉजचा विषय काढला. ऐकताना एकच डोक्यात: खोल्या माझ्या हातच्या, पाटी त्यांची. आणि मंगल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, ताईचं लॉज बघा.
ते गेल्यावर तिनं विचारलं, "दाजी काय म्हणत व्हते?"
"रंगाचं."
अजून सांगितलेलं नाही. भीमाशंकरच्या रस्त्याला त्यांचं लॉज होतंय. बारा खोल्या, सगळ्या ह्या भिंतीच्या रंगात, जुन्नरचा पेंटर माझ्या हाताखाली. माझी मजुरी पंचेचाळीस हजार, निम्मी आधी. नाही म्हणालो.