सोबतीला कोण?

हिंगणी
५ जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
बाबाचा जय भीम अन् लय आशीर्वाद. पत्र लिहून त्याचा फोटो पाठवून राह्यलो. फोनवर मले अर्धंच ऐकू येते अन् उरलेलं अर्धं हॅलो-हॅलोत जाते.

पोटाखालची गाठ वाढली. सेलूच्या डॉक्टरनं वर्ध्याले पाठवलं, तिथं हर्निया निंघाला. आतडं अडकलं त जिवावर बेतीन मनते, लवकर ऑपरेशन करा. भेऊ नको, सरकारी कार्डावर सारं फुकट हाय. तू तर तिकडं आफ्रिकेत, मलावीत हेच तपासाले गेली ना, फुकट इलाजानं गरिबाले फायदा होते का नाई? बापालेच इचारतं त इमानाचं भाडं वाचलं असतं!

पण घोडं अडलं सोबतीवर. पेशंटजवळ घरचं माणूस पाह्यजे, असा त्या दवाखान्याचा नेम. ज्याले कोणीच नाई त्याले योजनेतून सोबती देतेत, पण मले पाहणारं कोणी नाई असं सही करून लिहून द्या लागते. मी खिडकीवरच्या बाईले कार्डावरचं तुह्यं नाव दाखवलं अन् पोरगी येणार हाय मनलं. तिनं तू येईपर्यंत तारीख पुढं ढकलली. तर कवा येतं?

बाकी ठीक. वाघ गावाच्या कडेनं फिरून राह्यला, म्हणून दिवस बुडला की साऱ्याइची दारं बंद. पलीकडच्या गल्लीतला रूपराव पत्ते खेळाले येत जाय, तोही बंद झाला. आता मी रेडिओशीच भांडतो.

लोभ हाय, तो आटू देऊ नको.
तुहा बाबा,
हरिदास


लिलाँग्वे
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
मोनालीचा जय भीम. वि. वि.
पत्र वाचलं अन् आधी तुमचा रागच आला. मागच्या महिन्यात बोललो तेव्हा गाठीचं काऊन नाही सांगितलं?

मी मार्च संपल्याशिवाय येऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या घरांत पाहणी केली, त्याच घरांत आता दुसऱ्यांदा चालली आहे. मध्येच सोडली तर सगळं काम पाण्यात, अन् माझी नोकरीही. तुम्ही थांबू नका. लिहून द्या. एका ओळीचं तर काम आहे. तुम्ही लिहिल्यानं मी तुमची मुलगी नाही, असं थोडीच होणार आहे?

इथंही तेच रडगाणं आहे. इलाज फुकट झाला, तरी कितीतरी बाया दवाखान्यात येत नाहीत, कारण सोबत यायला माणूस नसतं. रुग्णाचं जेवणसुद्धा घरच्यांनीच दवाखान्याच्या अंगणात रांधायचं. काल एका म्हातारीला घरात माणसं किती ते विचारलं, तर तिनं जोहान्सबर्गला गेलेल्या पोरालाही मोजलं. सहा महिन्यांच्यावर बाहेर असलेल्याला घरात धरायचं नाही, असा आमचा नियम. मी त्याला वगळलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

इथं मराठी बोलणारं कोणी नाही. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचते. तेवढीच आपली बोली कानावर पडते.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची,
मोनाली


हिंगणी
२० जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
जय भीम अन् आशीर्वाद.
त्या मायचं पोरगं तू वगळलं, हे बरं नाई केलं. तिच्या चुलीवर नसंन जेवत, पण तिच्या घरचा त हाय ना? तुहे नियम तुहे तिथं ठेव.

मी लिहून नाई देणार. तू जन्मली तवा ह्याच हातानं ग्रामपंचायतीत तुह्यं नाव लिहलं. त्याच हातानं मले कोणी नाई, असं लिहू का? तुही आई असती त मले घरात घेतलं नसतं. मी मार्चपर्यंत थांबतो. गाठ दाबली की आत जाते.

लोभ हाय, पण आज राग जास्त हाय.
तुहा बाबा,
हरिदास


लिलाँग्वे
२४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
जय भीम. वि. वि.
रूपरावकाकांचा फोन आला. तुम्ही पोट धरून ओकत बसला होता म्हणाले. तुम्ही माझ्यापासून लपवलं. बाबा, मार्चमध्ये मी येईन, पण मग कोणाला भेटायला येऊ? आई गेली तेव्हा आपण दोघं तरी होतो. मी हात जोडते, उद्याच्या उद्या जा अन् लिहून द्या.

तुमच्या लोभाशिवाय मला दुसरं काही नाही.
तुमची,
मोनाली


हिंगणी
५ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
जय भीम अन् आशीर्वाद.
ऑपरेशन झालं. घरी आलो, भात-वरण खाऊन राह्यलो. रूपराव दिवसा येऊन बसते. काळजी करू नको.

लिहून देलं. तू हात जोडले, मंग का करता? खिडकीवर या खेपी दुसरीच बाई होती, तिनं कार्डावरची नावं पाह्यली नाई. सोबती भेटला, कवडू नावाचा. समुद्रपूरकडचा, भला माणूस. धरून संडासले नेलं, चहा पाजला, पाय दाबले. पण आल्या आल्या त्यानं इचारलं, लेकरंबाळं किती? आता आली का पंचाईत! पोरगी हाय मनतो त सोबती काढून घेतीन, अन् लबाड ठरीन ते अलग. मनलं, कोणी नाई. डॉक्टरीण आली, तिलेही तेच. बाजूच्या खाटेवरचा बुढा दिवसभर आपल्या पुण्यातल्या पोराचं कौतुक सांगे. माह्या जिभेवर येऊन जाय, की माही पोरगी आफ्रिकेत देशभराचे दवाखाने तपासते! गिळून बसलो. त्यानं मले इचारलं, मरल्यावर तुमचं कोण करीन? लय वाईट वाटलं, मोना. टाक्याइचं काई नाई वाटलं.

तू आपल्या तपासणीत टाकजो, म्हाताऱ्याले इलाज भेटला, सोबती भेटला, रुपया लागला नाई. सारं खरं हाय.

सुट्टी झाली तवा कवडूनं मले बसमधी बसवून देलं अन् खाली उभा राह्यला. तो दिसत होता तोवर मी गप होतो. बस स्टँडच्या बाहेर निंघाली तशी मी बाजूच्या बाईले मनलं, मले पोरगी हाय. तिनं काई इचारलं नव्हतं. पण आयकत होती बिचारी. ती सेलूले उतरली, त मंग मी पुढच्या सीटवरच्या माणसाले सांगतलं.

लोभ हाय, अन् वाट पाहून राह्यलो. येजो.
मोनालीचा बाप,
हरिदास