दोन्ही राजीनाम्यांना नकार

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडावंसं वाटलं, म्हणून लिहितेय.

दुपारी माझे गाईड म्हणाले, "बेटा, कमेटी से राज़ीनामा कर लो." मला वाटलं, पीएचडीच सोडायला सांगतायत! मग आठवलं, सर पानिपतचे. त्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. तुम्ही तर दिल्लीत नवे असताना हेच ऐकून खरोखर नोकरी सोडल्याचा अर्ज साहेबांपुढे ठेवला होतात! सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांना किती हसवलंत या गोष्टीवर! पण अर्ज परत घेतल्यावर तीस वर्षं साहेबांपुढे मान डोलावलीत, ते का नाही सांगितलंत?

कमिटीशी भांडण कशावरून, सांगते. बारीक भोकातून प्रकाश गेला की पसरतो. कसा, ते मी कॉम्प्युटरवर काढते. भोकात इवले इवले डायपोल मांडायचे, म्हणजे लहरी सोडणारे बिंदू, तुम्ही ज्यांना 'दिवे' म्हणालात ते, आणि पलीकडे सगळ्यांच्या लहरींची बेरीज करायची. भोक प्रकाशाच्या लहरीहून लहान झालं की माझं उत्तर पुस्तकातल्या सूत्राशी जुळत नाही. जुळेल कसं? ते सूत्र मोठ्या भोकासाठी आहे! पण कमिटीला कटकट नको. म्हणे, थिसिसमधला हा चॅप्टर काढ, डिग्री घे, चलो.

दिल्लीतल्याच द्वारकेच्या घरी तुम्ही एकदा खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसलात. "हे बाजूचे दोन ठिपके कुठून आले गं?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं!" मी खेकसले.

"दिवे लांब लांब लावलेस. जवळ लावून बघ ना."

बिल्कुल बरोबर होतं! जवळ मांडले आणि ठिपके गायब. तोवर तुम्ही आयसीयूत होतात. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, बाबा. फार लाज वाटते त्याची.

आता तुम्ही म्हणाल, "ॲडजस्ट कर, बाळा." नाही करणार! अंतर बदललं, संख्या बदलली, दहादा तपासलं, उत्तर तेच. चूक दाखवा, मी स्वतः पानं फाडते. पण 'वाद नको' ही काय चूक झाली, यार?

सोमवारी कमिटीसमोर उभी राहणार आहे. चॅप्टरही काढणार नाही आणि पीएचडीही सोडणार नाही. आवाज कापेल, कापू दे. शब्द देते, बाबा, नापास झाले तर खरं उत्तर हातात धरून होईन, आणि घरी येऊन तुमच्या फोटोकडे सरळ बघेन.

तुमचं न ऐकणारी,
चिऊ