न पाहिलेल्या बाळाची प्रगती समाधानकारक ठरविल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
बाल तपासणी व उपचार केंद्र.

विषय : अकरा आठवडे आधी जन्मलेल्या मुलीच्या घरभेटी पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ चे पत्र.

महोदय,

अर्जदार लाँड्रीत इस्त्रीचे काम करते. तिची मुलगी जन्मली तेव्हा नऊशे दहा ग्रॅमची होती. आज ती आठ महिन्यांची आहे. डॉक्टर पूर्ण दिवस भरण्याच्या तारखेपासून वय मोजतात, त्या मोजणीने साडेपाच.

१. केंद्राच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई काही दिवस घरी येत. मुलीची डावी मूठ उघडत नाही, हे प्रथम त्यांनीच पाहिले. शेजारपाजारचे म्हणत, "गुणाची पोर, रडत म्हणून नाही." बाई त्यावर हसल्या नाहीत. "घाबरू नका, पण थांबूही नका. हे महिने हातचे गेले की गेले," म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांची बदली झाली.

२. अर्जदार केंद्रात गेली, तेव्हा नव्या भेटींच्या यादीत त्रेसष्टावा नंबर मिळाला. पाळी सहा महिन्यांनी. योजना तर पहिल्या वाढदिवसापर्यंतच, मग कसे, असे विचारता कारकून म्हणाले, "मग नाव आपोआप निघतं, ताई. तुम्हाला यावंही लागत नाही."

३. तरीही अर्जदार दर सोमवारी खेटे घालत राहिली. आपल्या पत्रात लिहिले आहे की, सोमवार दि. ४ रोजी बालकाची घरी तपासणी झाली, प्रगती समाधानकारक आहे, सबब नाव कमी केले. त्या दिवशी घराला कुलूप होते. अर्जदार मुलीला मांडीवर घेऊन सकाळपासून आपल्याच कार्यालयाच्या बाकावर बसली होती.

४. पत्र घेऊन ती पुन्हा आली, तेव्हा बाकावर एक बाई होत्या. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा, मान टाकलेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. त्यांनी पत्र वाचून परत दिले. "माझ्याही कागदावर समाधानकारकच लिहिलं होतं," एवढेच बोलल्या.

५. काल अंघोळीनंतर पुसताना मुलीचे पाय सोडवले, ते पुन्हा एकमेकांवर चढले. अर्जदाराने तीनदा सोडवून पाहिले. मुलगी रडली नाही.

तरी कोणास तरी पाठवून मुलीला एकदा डोळ्यांनी पाहावे. ते जमत नसल्यास 'समाधानकारक' खोडून 'पाहिले नाही' एवढे लिहून द्यावे. मोठे रुग्णालय आधी केंद्राचा कागद मागते आणि हे पत्र पाहून तिला दारातूनच परत पाठवते.

आपली नम्र,
(सही)
मुलीची आई
दि. १९

सोबत :
१. जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कार्ड.
२. आपले पत्र.
३. बाईंनी हाताने लिहिलेला व्यायामाचा कागद. (मुठीचा व्यायाम त्यात नाही. तो पुढच्या भेटीत शिकवणार होत्या.)