सुमनच्या सायकलचे ब्रेक

रविवार, संध्याकाळ

सुमनच्या रेसर सायकलला ब्रेक लिव्हरची तिसरी जोडी बसवली. लहान हातांसाठीची, बोटांच्या अगदी जवळ येणारी. आजारपणानंतर तिच्या उजव्या हाताची पकड गेली. मी मात्र दोष लिव्हरचाच धरून बसलो. सायकलीतलं सगळं माझं मी शिकलोय, मग दुसऱ्या कुणाला विचारणार तरी कशाला?

“दाब बघू,” म्हटलं. लिव्हर हँडलला टेकला. पूर्वी फिरायचो त्या सावलीच्या रस्त्याला पुन्हा दोघं जाऊ, असं मी बोलूनही गेलो.

“अहो, इकडे बघा तरी.”

उजव्या हाताच्या बोटांवर डावा हात ठेवून तिनं तो दाबला होता.

“चला, तुमचं मन राखलं ना?” हसली.

केबल अगदी नेमकी ताणली आहे. सायकलीत दुरुस्त करण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही.