टाकीच्या जागी बांधलेली चिठ्ठी

॥ श्री ॥
आदर्श नगर, जयपूर
२० नोव्हेंबर १९८५

ती. दादास,
मधूचा सा. न. वि. वि.

माणूस सरळ आहे, पण ह्याला वेग नाही. हे तुझं वाक्य आहे. सात मे त्रेसष्ट, कोल्हापूर. मला पाहायला आलेली मंडळी अंगणात चपला शोधत होती, मी स्वयंपाकघरात बशा विसळत होते आणि तू खिडकीला टेकून हे म्हणालास. मी हसले होते. पुढे बावीस वर्षं त्या वाक्याची मला फार सोबत झाली. हे एकेक घास मोजून चावायला लागले की ते आठवायचं. रिकाम्या रस्त्यावरही स्कूटर चाळीसच्या वर जाईना की आठवायचं. भांडणात मी ते कधी उच्चारलं नाही, एवढा माझा चांगुलपणा. मनात मात्र रोज म्हटलं.

आज ते कागदावर उतरवायचं कारण असं, की तुझे मेहुणे मोटारसायकल बनवत आहेत. विकत घेत नाहीत, बनवताहेत. वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मागच्या अंगणात, माझ्या कपडे वाळवायच्या दोरीखाली. दिवसभर विम्याच्या ऑफिसात ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे दावे तपासायचे, ही दुरुस्तीच्या लायकीची नाही असे शेरे मारायचे, आणि संध्याकाळी तसल्याच गाड्यांची हाडं पोत्यात घालून घरी आणायची. ऑफिसच्या भंगारातला खिळाही आणत नाहीत, ते तत्त्वात बसत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कबाड्याकडून आणतात. सरळ माणूस!

इंजिन येझदीचं, पुढचं चाक राजदूतचं, दिवा कुठल्याशा जीपचा. आणि ऑफिसची सवय अशी की प्रत्येक तुकड्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली: कुठली वस्तू, तारीख, अपघाताचं कारण, घसारा किती. इंजिन चाकसूचं, कारण उंटगाडी. चाक टोंक रोडचं, कारण झोप. मी सकाळी ओले टॉवेल झटकते आणि लोकांचे अपघात वाचते.

ह्या प्रकाराला कॅफे रेसर म्हणतात, असं मला सांगण्यात आलं. विलायतेतली पोरं एका कॉफीच्या दुकानातून दुसऱ्यापर्यंत शर्यत लावायची, त्यावरून नाव पडलं. हे कॉफी पीत नाहीत. अर्धा कप चहा, तोही बिनसाखरेचा. हँडल इतकं खाली की चालवणाऱ्यानं नमस्कार घातल्यासारखं वाकायचं. कंबरेच्या पट्ट्याशिवाय ह्यांना खुर्चीतून उठता येत नाही, ते सोड. सगळ्यात गंमत म्हणजे सीट एकच. मागे बसायला जागाच नाही. बावीस वर्षांत ह्या घरात आलेलं हे पहिलं वाहन, ज्यावर मी नाही.

तुझ्या जुन्या नॉर्टन मोटारसायकलची पेट्रोलची टाकी मिळावी म्हणून ह्यांनी तुला परस्पर कार्ड टाकलंय, ते काल कळलं. पोटभर हसून घे, पण नकार जरा नीट शब्दांत दे. भाऊबीजेची साडी पोचली, रंग छान आहे. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, ह्यांच्यावर तो कधी नव्हताच.

तुझी
मधू

•

॥ श्री ॥
राजारामपुरी, कोल्हापूर
५ डिसेंबर १९८५

चि. सौ. मधूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र प्रभावतीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतो, हे तुला ठाऊक आहेच.

नंदकिशोररावांचं कार्डही मिळालं. चार ओळी, त्यांतल्या तीन माझ्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या. चौथीत, टाकी वापरात नसल्यास मिळू शकेल का. वापरात नसल्यास! माझी नॉर्टन म्हणजे काय न्हाणीघरातलं गळकं पिंप आहे? त्या गाडीवर मी कोल्हापूर ते पुणे चार तासांत गेलोय. साताऱ्यात चहाला थांबलो नसतो तर साडेतीनच. त्या वेळी तुझे यजमान बहुधा सायकलची हवा तपासत असतील.

येझदीचं इंजिन, राजदूतचं चाक, जीपचा दिवा आणि वर नॉर्टनची टाकी: ही मोटारसायकल नाही, सर्वपक्षीय सभा आहे. ती कुठेही पोचत नसते. विम्याच्या माणसाला गाडी कशी मोडते तेवढंच ठाऊक. ती कशी धावते हे कळायला आयुष्यात एकदा तरी ऐंशीच्या पुढे जावं लागतं.

टाकी देणार नाही. गाडी पोत्यांखाली उभी आहे आणि तशीच उभी राहील. त्यांना म्हणावं, चहाची किटली बांधा, अर्धा कप मावेल एवढी.

ते वाक्य मला आठवत नाही, पण माझंच असणार. चांगलं आहे.

थंडीत जप. पत्र लवकर टाक, तुझ्या पत्रांशिवाय इथे हसायला काही नाही. आमचे आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी आहेत, ते मागावे लागत नाहीत.

तुझा
जयंत

•

॥ श्री ॥
आदर्श नगर, जयपूर
१७ जानेवारी १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत पुडीत आहे. गोड बोलायचा दिवस टळून गेला, म्हणून हे पत्र आज लिहिते.

तुझा नकार मी ह्यांना तुझ्याच शब्दांत वाचून दाखवला, किटलीसकट. तेव्हा ते गल्लीतल्या गॅरेजवाल्या सुखदेवजींकडून चौकटीला वेल्डिंग करून घेत होते. सुखदेवजी डोळ्यांवर काळी काच धरून थांबले आणि म्हणाले की बाबूजी, टाकी तर मी इथूनही शोधून देईन, कोल्हापूरचीच कशाला हवी. हे हूं म्हणाले. मला वाटलं, विषय संपला. मी आत जाऊन रत्नाला सांगितलं की तुझ्या बाबांचा फुगा फुटला. आपली रत्ना आता प्रत्येक वाक्य मतलबनं सुरू करते. ती म्हणाली, मतलब, तुला आनंद झालाय का? कॉलेजात जाऊन मुली फार शहाण्या होतात.

संक्रांतीला इथे सगळं शहर गच्चीवर असतं. दुपारी कुणाचा तरी कटलेला पतंग आमच्या अंगणात आला आणि त्याचा मांजा त्या रेसरच्या हँडलला गुरफटला. मी सोडवायला गेले. टाकीची जागा रिकामी होती, नुसत्या दोन पट्ट्या. त्या पट्टीला एक चिठ्ठी बांधलेली. अक्षर ह्यांचं.

टाकी. कोल्हापूर. ७-५-६३. कारण: वेग नाही. घसारा: शून्य.

दादा, मी मांजा हातात धरून तशीच उभी राहिले. बोट कापलं तेही नंतर कळलं.

रात्रीपर्यंत थांबायचा धीर नव्हता. गच्चीवरून बोलावून घेतलं आणि विचारलं. हात धुता धुता त्यांनी सांगितलं, जसा एखाद्या दाव्याचा तपशील सांगावा. त्या दिवशी मंडळी चपला शोधत होती तेव्हा ते तुझ्या नॉर्टनच्या मागे उकिडवे बसले होते. कार्बोरेटर पाहायचा होता, तुला विचारायचा संकोच वाटला. खिडकी बरोबर डोक्यावर. तुझं बोलणं ऐकू आलं, माझं हसूही ऐकू आलं. लगेच उठले असते तर आपल्या दोघांना ओशाळं वाटलं असतं, म्हणून आपण खिडकीतून दूर होईपर्यंत तसेच बसून राहिले.

मग त्याच संध्याकाळी होकार का कळवला, असं मी विचारलं. त्यांनी टॉवेल दोरीवर नीट पसरला आणि म्हणाले की वाक्याचा पहिला अर्धा भाग स्तुतीचा होता.

मी उच्चारलं नाही ह्याचा मला केवढा अभिमान! मी न उच्चारलेलं वाक्य हा माणूस बावीस वर्षं ऐकत होता. स्कूटरवर मागे बसून मी उसासा टाकायचे, तो कशाचा आहे हे त्यांना पुढे बसून कळायचं. आणि आपण दोघं रे? तू खिडकीला टेकून माणसाला एका ओळीत मोजलंस, मी तीच ओळ पदराला बांधून सासरी आले. आपल्या घरात चुरचुरीत बोलणाराला हुशार समजायचे. मला आता त्या हुशारीची किळस येते. तुझ्याबरोबर माझीही.

तुझ्या पत्रात होतं, चांगलं आहे. वाक्य तुला आठवत नाही, पण चांगलं आहे. दादा, हे तुझं सगळ्यात वाईट वाक्य.

टाकी पाठव. ह्यांनी मागितली होती, आता मी मागते. रागावले आहे, पण राग तुझ्यावरच काढायची सवय आहे, ती राहू दे.

तुझी
मधू

•

॥ श्री ॥
कोल्हापूर
८ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. मधूस,
अ. उ. आ.

तिळगूळ मिळाला. बरोबर आलेलं पत्रही मिळालं.

दुसऱ्याच्या गाडीमागे दडून ऐकणाऱ्याला जे ऐकू येतं ते त्यानं सोसावं. बावीस वर्षं गप्प बसायचं आणि मग अंगणात चिठ्ठी टांगायची, ही सूड घ्यायची रीतही विम्याच्या ऑफिसातलीच. सगळं काही मुदतीनंतर.

मी तरुण होतो, जिभेला धार होती. त्याची माफी मागायची प्रथा आपल्याकडे नाही.

टाकीचं उत्तर तेच. माझी गाडी पूर्ण आहे. तिच्यातली एक वस्तू काढली तर ती अपुरी होईल, आणि अपुऱ्या वस्तू मी घरात ठेवत नाही. पुन्हा विचारू नकोस. बाकी क्षेम. माया आहे ती आहे, पत्रागणिक तिची हजेरी घेऊ नये.

जयंत

(समासात, बारीक अक्षरात)

वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून ही जागा मिळाली. गाडी पूर्ण नाही. इंजिन एकाहत्तर सालीच विकावं लागलं, मग चाकं गेली. तेव्हाची ओढाताण तुम्हाला कळू दिली नाही. पोत्यांखाली चौकट आहे आणि टाकी. टाकी हे रोज सकाळी पुसतात. तुमचं पत्र आल्यापासून दोनदा पुसतात. मी लिहिलं हे कळू देऊ नका. रत्नाला आशीर्वाद. प्रभावती.

•

॥ श्री ॥
आदर्श नगर, जयपूर
६ एप्रिल १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी गाडी पूर्ण आहे हे मला मान्य आहे. तिच्यातलं काही कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही. तो विषय मी मागे घेतला.

आमची मात्र चालू झाली. सुखदेवजींनी अखेर लूनाची टाकी बसवून दिली. एवढ्या थोरल्या सांगाड्यावर ती एवढीशी टाकी, पैलवानाला बाळाचं टोपडं घातल्यासारखी. गल्लीतल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसल्या. मीही हसले, पण अंगणात, ह्यांच्यासमोर. ते ऐकून हेही हसले.

शीतलाष्टमीला इथे चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं. ह्यांनी रजा टाकली. ठरलं की थंड पुऱ्या घेऊन कानोत्याच्या धरणावर जायचं. मागे सीट नाही, म्हणून मी डबा घेऊन बसनं निघाले आणि हे रेसरवर. घाटगेटाच्या अलीकडेच माझ्या बसनं ह्यांना मागे टाकलं. मी खिडकीतून पाहिलं. शर्यतीच्या गाडीवर, हनुवटी टाकीला टेकेल इतके वाकलेले, वेग चाळीस. एका उंटगाडीला हात करून वाट देत होते.

धरणाच्या भिंतीवर मी पाऊण तास बसले. तुला हसू येईल, येऊ दे. मलाही येत होतं. पण दादा, लग्नानंतर मी ह्यांची वाट कधी पाहिलीच नव्हती. हे नेहमी माझ्या पुढ्यात, नाहीतर मी ह्यांच्या पाठीशी. पाऊण तासात मला जेवढं भय वाटलं तेवढं बावीस वर्षांत वाटलं नव्हतं. त्या सगळ्या चिठ्ठ्या मला पाठ आहेत ना! उंटगाडी, झोप, ट्रक. मग लांबून आवाज आला. आवाज मात्र खरोखर वेगवान गाडीचा आहे.

उतरल्यावर त्यांना सरळ उभं राहायला वेळ लागला. दर तीन मैलांवर थांबून नट तपासत आले होते. मी म्हटलं की मग ही एवढी खटपट कशाला केली, चाळीसनं तर स्कूटरही जाते. ते पुरी खात म्हणाले की गाडीला वेग आहे, मी पाहून ठेवलाय; मला स्वतःला तो झेपत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ही चालवणारा माणूस वेगळा हवा. एकदा जयंतरावांनी चालवून पाहावी, असं मनात आहे. सीट एकच ठेवली ती म्हणूनच.

मी पुरी तशीच डब्यात ठेवली. सूड म्हणाला होतास तू.

घरी आल्यावर मी ती चिठ्ठी सोडायला गेले तर नको म्हणाले. दावा मिटल्याखेरीज चिठ्ठी काढायची नसते, असा त्यांच्या ऑफिसचा नियम आहे. लूनाच्या टाकीखाली ती अजून बांधलेली आहे, तेल लागून काळी झाली आहे. वाक्य वाचता येतं.

तर दादा, तू ये. टाकी मांडीवर घेऊन ये, मुंबईहून पुढे गाडीत गर्दी कमी असते. इथे बसवू. कानोत्यापर्यंतचा रस्ता सकाळी मोकळा असतो. तुला हवी तेवढी पळव, कुणी मोजणार नाही. परतल्यावर टाकी काढून पुसून तुझी तुला देऊ, तुझी गाडी एक दिवससुद्धा जास्त अपुरी राहायला नको. मी आधी बसनं जाऊन भिंतीवर बसेन. आणि निघण्यापूर्वी ती चिठ्ठी तुझ्या हातानं सोड. बोलायचं काही नाही, नुसती गाठ सोडायची.

तू येणार नाहीस. गुडघ्यांचं कारण लिहिशील, किंवा चाळीसच्या वेगावर दोन ओळी लिहिशील, त्या चांगल्याही असतील. पण नकार ह्या खेपेला मला कळवू नकोस, ह्यांना कळव. ते दुसऱ्याच्या गाडीमागे बसून नव्हे, उभे राहून ऐकतील. लोभ आजवर तुझ्या माझ्यात होता, तो वाटून घ्यायला आता एक माणूस वाढलं आहे, इतकं ध्यानात असू दे.

तुझी
मधू