पर्वतीवरची हाळी

आये, आज पर्वतीवर जाऊन आले. नातीनं हाताला धरून नेलं. पायऱ्यांवर चार ठिकाणी टेकले आणि दर वेळी तुझंच बोलणं आठवलं, "ह्या कसल्या पायऱ्या, आपल्या गवताच्या वाटंपरीस लई सोप्या." तेव्हा तू माझ्या पुढं होतीस, देवापुढं ठेवायला आणलेल्या नव्या आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. दादा बांशी भांडून घरातून गेला, त्याला भाताची दोन पिकं होऊन गेली होती. पुण्यात हाय, एवढंच कुणीतरी सांगितलेलं. तू नवस बोललीस, आणि आपण दोघी कोळवणातून पौडापर्यंत चालत, पुढं एसटीनं आलो. कंडक्टरला तू विचारलंस, "माझा ल्योक ह्या गाडीनं कदी आलाय का?" तो म्हणाला, "मावशी, माझ्या गाडीत रोज पन्नास ल्योक असतात." तू हसलीस. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षांची मी, पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली; दुकानांच्या पाट्या वाचत चालले होते आणि स्वतःला शहरातलीच समजत होते.

दर्शन झाल्यावर तू कठड्यापाशी गेलीस. खाली नुसती कौलं, त्यांच्यातून निघणारे धूर. "एवढी घरं?" म्हणालीस. मग पदर कमरेला खोचतेस, तोंडाशी हात धरतेस आणि आपल्या घराची हाळी देतेस. आपल्या खोऱ्यात घराघराची हाळी वेगळी. आपली दोन आखूड नि एक लांब, शेवटाला उचललेली. टेकडीवरून तू ती दिलीस की खाचरातून दादाची ओ यायची, मग तू दुसरी द्यायचीस. म्हणजे तूच आहेस, ये. दुसरी आली नाही तर भास समजायचा आणि हातातलं काम सोडायचं नाही. उंचावरून हाळी दिली की आपलं माणूस ओ देतं, एवढंच तुला ठाऊक.

शेजारी दोन बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "अगबाई, मावशी, म्हैस हरवली की काय?" दुसरी पदर तोंडाला लावून हसली. तू तिकडं बघितलंही नाहीस, कानामागं हात धरून उभी. आणि मी तुझ्या तोंडावर हात ठेवला.

"आये, गप! लोक हसत्यात. चल खाली."

"थांब की जरा. आवाज खाली जायाला येळ लागतुया."

"दादा काय हितं गुरं राखतोय का?"

तुझं मनगट धरून मी तुला ओढतच खाली आणलं. तू एकदाच मागं वळून बघितलंस. त्यानंतर तू हाळी दिलीच नाहीस, आये. बांना शेतावरून जेवायला बोलवायचं तरी मला पिटाळायचीस. आणि पुढच्या लावणीला तापानं गेलीस.

दादा आला तेव्हा तुझं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. चुलीपाशी तुझ्या जागेवर बसला. पर्वतीच्या पायथ्याला पावाच्या भट्टीवर होता म्हणे. मी भाकरी थापत होते. "एकदा दुपारच्याला आपली हाळी आल्यावानी झालं," तो म्हणाला. "पिठाच्या हातानं तसाच रस्त्यावर आलो, ओ दिली. लई येळ हुबा राह्यलो. दुसरी आली न्हाई. म्हनलं, भास आसंल." मग भाकरी मोडता मोडता थांबला. "आये कदी आलीवती का गं तितं?"

मी "न्हाई" म्हणाले.

दादा मागच्या पौषात गेला. तोवर दोन-तीनदा त्यानं विचारलं असेल, आणि मी न्हाईच म्हणत राहिले. आता हे कुणाला सांगू? हा कागद कुठं धाडायचा नाही, तांदळाच्या डब्यात ठेवून देईन. आज नातीला पाणी आणायला पाठवलं आणि कठड्यापाशी गेले. तुझी राहिलेली दुसरी हाळी द्यायची, एवढ्यासाठीच तर आले होते. तोंडाशी हात नेला. पण त्याआधी, आये, कुणी बघतंय का ते मी बघितलं.