दिसतंय तोवर

लाडके रग्ना,

आम्ही दोघं ठीक आहोत. रोज थोडंच चालतो, बाकावर बसून पाव-चीज खातो. तुझा गुडघा कसा आहे?

आस्गरची नजर हिवाळ्यापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तर सगळं पाहून घ्यायला निघालो.

काल जंगलातून तळ्यापाशी आलो. लख्ख ऊन होतं. आस्गर थांबून म्हणाला, "गुद्रुन, आज धुकं केवढं गं!"

"हो ना," मी म्हटलं. "जरा बसू. विरेल."

बराच वेळ आम्ही बसलो. मग तो हळूच म्हणाला, "पाठीला ऊन लागतंय गं. खोटं नको बोलूस. तळं कसं दिसतंय, सांग."

मी सांगितलं. बदकंसुद्धा मोजून सांगितली.

आईला इतक्यात कळवू नकोस.

तुझी धाकटी,
गुद्रुन